चंद्राक्काचं तेरा साते

आमची चंद्राक्का भिंतीशी भांडायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणायला बसली, की हात धोट्यावर आणि तोंड भिंतीकडे. भिंतीपलीकडे बोर्डाची प्राथमिक शाळा होती. एकच खोली, एकच मास्तर, आणि वडगावातल्या आमच्या विणकर गल्लीची सगळी पोरं.

"मास्तर, त्या कावळ्यांची तोंडं शिवा की वं! कान किटलं माझं!"

"आक्का, आधी तुमचा माग थांबवा. मला माझंच ऐकू येईना!" भिंत उलट उत्तर द्यायची.

तेराच्या पाढ्याला तर हमखास जुंपायची. पोरं दणक्यात म्हणायची, "तेरा साते एक्क्याऐंशी!" मास्तर पट्टी आपटायचे, "एक्क्याण्णव! पुन्हा!" पुन्हा एक्क्याऐंशीच. की इकडून आक्का भिंतीवर जुना धोटा बडवायची.

नवरा गेल्यावर माग तिनेच चालवला. मूलबाळ नाही. तक्रार मात्र सगळ्या जगाबद्दल. कोंबडा लवकर आरवतो, पाऊस तिच्याच कौलांवर जास्त पडतो, माझ्या फोडणीने तिला ठसका लागतो. ठसका ओसरला की आमटीसाठी वाटी घेऊन हजर. शाळेला सुट्टी असली की ती आणखीच करवादायची. "आज का गं गप हाय समदं? हात चालंना झालाय." आणि खरंच, त्या दिवशी लुगडं वीतभरही पुढे सरकत नसे.

एका वर्षी पोरं कमी झाली म्हणून ही शाळा ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायची, असं वरून ठरत आलं. पालकांचं म्हणणं ऐकायला शाळा तपासणारे नवे दिपोटी साहेब आले. आम्ही सगळे देवळात जमलो. माझी शांता तेव्हा तिसरीत. ओढ्यापलीकडे मुलगी धाडायला गल्लीत कुणी तयार नव्हतं, माझे मालकही नव्हते. शाळा गेली की शांताचं शिकणं संपलं, इतकी सरळ गोष्ट होती.

"थितं मोठं ग्राउंड हाय, चार मास्तर हाईत," दत्तूआप्पा म्हणाले. त्यांना सगळे मुलगेच.

"आणि पोरी? पावसाळ्यात ओढा काय तुम्ही त्यांना काखेत घेऊन ओलांडणार, आप्पा?" मी विचारलं.

"पोरींनी कांड्या भराव्या की. सूत काय आपआप गुंडाळतंय व्हय?"

बराच वेळ असंच चाललं. शेवटी साहेबच जरा पाघळले. "शाळेचा कुणाला त्रास नसेल, तर आणखी काही दिवस इथेच राहू द्या म्हणून लिहितो. आहे कुणाची तक्रार?"

तक्रार हा शब्द कानावर पडला आणि चंद्राक्का उठली.

"हाय की! दिसभर कलकलाट, सायेब! कान किटलं माझं! बंद करा एकदाची!"

आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. "तुमचं घर शाळेला लागून?"

"भितीला भित!" ती ऐटीत म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. आम्ही मग दहा तोंडांनी समजावलं, पण त्यांना कारण मिळालं होतं.

परतताना आक्का माझ्या मागे मागे चालत होती. "खरंच लिवलं की गं त्यानं," ती म्हणाली. "रोजचंच बोलले की मी."

दिवाळीनंतर शाळा गेली. मुलगे ओढ्यापलीकडे, मुली घरात. शांताला मी आक्काकडे कांड्या भरायला बसवली. रिकामी बसण्यापेक्षा बरं.

एकदा दुपारी तिला बोलवायला गेले. माग चालू होता आणि त्याच्या ठेक्यावर पाढा. पुढे आक्का, मागून शांता. अक्षर न येणारी बाई घडाघडा म्हणत होती. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा साते एक्क्याऐंशी!"

"एक्क्याण्णव, आक्का," शांता म्हणाली.

धोटा थांबला. आक्का भिंतीकडे बघत राहिली. पलीकडे आता कुणीतरी कडबा भरून ठेवला होता.

"आमच्या शाळंत असंच म्हणत्यात," ती म्हणाली. "म्हण, पुन्हा. आणि जरा मोठ्यानं म्हण गं."