साळूबाईंची बढती

एका जंगलात एक डॉक्टर होती. अगदी जवळ राहत होती, म्हणून तिची कुणाला किंमत नव्हती.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट डॉक्टरची आहे, पण यात कुणाला सुई टोचणार नाही. जंगलाची तीच तर तक्रार होती.

डॉक्टरचे नाव साळूबाई. जातीने साळिंदर. तळ्याकाठी, वारुळाच्या मागे तिचा दवाखाना. कुणी आले की ती आधी जीभ बघायची, मग घरच्यांची चौकशी करायची, आणि बहुतेक वेळा एवढेच म्हणायची, "काही झालेलं नाही. ताक पी आणि पडून राहा."

प्राणी हिरमुसून परत जायचे. "अंगावर एवढ्या सुया, पण एक इंजेक्शन देईल तर शपथ!" असे वाटेत बोलायचे. साळूबाई फटकळही होती. रानडुकराला तिने एकदा तोंडावर सांगितले होते, "तुला रोग नाही, तुला भूक फार आहे."

तिच्याकडे भागूबाई नावाची म्हातारी सांबरीण यायची. तिचे यजमान पूर्वीच सिंहमहाराजांच्या मेजवानीत कामी आले होते. भागूबाईला खोकला होता. खरे तर दोन खोकले होते. एक सुनेला ऐकवायचा आणि एक छातीतला. पहिल्याकडे साळूबाई लक्ष देत नसे. दुसऱ्याची तिला धास्ती होती.

"भागू, छातीत शीळ वाजायला लागली की तडक माझ्याकडे यायचं. सणवार, पाहुणेरावळे काही बघायचं नाही."

"येईन हो डॉक्टरीणबाई. मला दुसरं आहे कोण?"

असे बरे चालले होते. बरे चालले की सरकारला काळजी वाटते.

एकदा सिंहमहाराज परदेशी जेवायला गेले. तिथल्या राजाने हाडूक चघळता चघळता विचारले, "तुमच्याकडे फॅमिली डॉक्टर योजना असेलच ना?" महाराजांना नाही म्हणायची लाज वाटली. परत येताच त्यांनी आरोग्यमंत्र्यांना बोलावले. आरोग्यमंत्री होते तरसराव. मेलेल्यांवर त्यांचे बारीक लक्ष असे, म्हणून त्यांना हे खाते मिळाले होते.

तरसराव अभ्यासदौऱ्यावर निघाले. बरोबर बायको, मेहुणा आणि फोटो काढणारे माकड.

थंडीच्या जंगलात त्यांनी पाहिले, की आपल्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या दवाखान्यात कुणालाच सोडत नाहीत. रांग इतकी लांब, की नंबर येईपर्यंत सर्दी आपोआप बरी होते. बेटावरच्या जंगलात डॉक्टर दवाखान्याच्याच माडीवर राहत होता, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन चुलीवरचे झाकण उघडून बघत होता, की आज मीठ किती घातले आहे. श्रीमंत जंगलात फॅमिली डॉक्टर नव्हताच. तिथे डाव्या कानाचा तज्ज्ञ वेगळा, उजव्या कानाचा वेगळा, आणि दोघांचे आपसात बोलणे नव्हते. तरसरावांच्या मेहुण्याला हे जंगल फार आवडले.

परत आल्यावर सभा भरली. "आपल्याकडे फॅमिली डॉक्टर नाही, ही शरमेची गोष्ट आहे!" तरसराव गरजले.

"साळूबाई आहेत की," भागूबाई मागून म्हणाली.

"त्या नुसत्याच आहेत, आजी. त्या योजनेत नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागूबाईनेही वाजवल्या. सभेत वाजवाव्या लागतात.

मग योजना आली. प्रत्येक प्राण्याला एक फॅमिली डॉक्टर नेमून देण्यात आला. डॉक्टर म्हणून परदेशातून करकोचे आणले, कंत्राटावर. करकोचे हुशार होते, यात वाद नाही. त्यांच्या चोची लांब होत्या आणि इंजेक्शनही ते सढळ हाताने देत. पण करकोचे ते करकोचे. थंडी सरली की उडून जायचे, आणि पुढच्या हिवाळ्यात दुसरेच यायचे. प्रत्येक नवा करकोचा भागूबाईला विचारायचा, "आजी, यजमान काय करतात?" भागूबाई बिचारी दर वेळी नव्याने रडायची.

आणि साळूबाई? तिचे काय करायचे, हा प्रश्नच होता. एवढी अनुभवी डॉक्टर वारुळामागे कुजवायची? तरसरावांनी तिला बढती दिली. राजधानीच्या टेकडीवर फॅमिली डॉक्टर अभियानाची मुख्य संचालक केली. शाल दिली, नारळ दिला, फिरती खुर्ची दिली. शाल काट्यांवर नीट बसेना, तरी साळूबाईने ती काढली नाही. आयुष्यभर ताक पाजून शिव्या खाल्ल्या होत्या. मान कुणाला नको असतो?

"आणि माझे रोगी?" तिने एकदा विचारले.

"आता सगळं जंगलच तुमचं रोगी!" तरसराव म्हणाले. साळूबाईला ते वाक्य आवडले.

थंडी सरली. करकोचे गेले. आणि नेमकी तेव्हाच भागूबाईच्या छातीत शीळ वाजायला लागली.

तिला साळूबाईचे बोलणे आठवले. सुनेने अडवले, तरी ती तडक निघाली. थांबत, धापा टाकत टेकडी चढली. फाटकावर रानडुक्कर पहारेकरी होते. हो, तेच. योजनेत त्यालाही नोकरी लागली होती.

"चिठ्ठी?"

"कसली रे बाबा?"

"फॅमिली डॉक्टरची. त्याशिवाय वर कुणाला भेटता येत नाही. थंडीच्या जंगलात असंच आहे."

"अरे, माझी डॉक्टर आतच आहे. साळूबाई."

"मग त्यांची चिठ्ठी आणा."

"आणते. आत सोड."

"चिठ्ठीशिवाय?" रानडुकराला हसू आले. भागूबाई फाटकाशीच बसली आणि खोकू लागली.

आत त्या वेळी साळूबाईचे भाषण चालले होते. थंडीच्या जंगलातून आणि बेटावरून पाहुणे आले होते. विषय होता, 'आपला रोगी ओळखा'. साळूबाई रंगात येऊन बोलत होती. बोलता बोलता थांबली. तिचे कान टवकारले गेले.

"हा भागूचा खोकला," ती म्हणाली. "सुनेला ऐकवायचा नव्हे. हा दुसरा."

पाहुणे थक्क झाले. नुसत्या आवाजावरून ओळखले! त्यांना वाटले, हे प्रात्यक्षिकच ठेवले आहे. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

साळूबाई खुर्चीवरून उठली. तरसराव हळूच कानाशी आले. "पाचच मिनिटं, बाई. पाहुण्यांची प्रश्नोत्तरं राहिलीत. बरं दिसत नाही."

आणि साळूबाई बसली.

मुलांनो, तरसरावांचा मला राग नाही. तरस तरसासारखाच वागणार. राग येतो तो या बसण्याचा.

प्रश्नोत्तरे झाली. बेटावरच्या पाहुण्याने विचारले, की रोगी आणि डॉक्टर यांच्यात अंतर किती असावे. साळूबाई उत्तर देत असतानाच बाहेरचा खोकला थांबला.

"ऐकलंत?" तरसराव आनंदाने म्हणाले. "औषधाशिवाय खोकला थांबला! हीच आमची योजना." थंडीच्या जंगलातल्या पाहुण्याने ते टिपून घेतले. म्हणाला, आमच्याकडे एवढ्या लवकर थांबत नाही.

साळूबाई धावत फाटकाशी गेली. शाल वाटेत पडली. भागूबाई मान उंबऱ्यावर टेकून आडवी झाली होती. साळूबाईने तिची जीभ बघितली. सवयच ती. घरच्यांची चौकशी करायला तोंड उघडले आणि तसेच मिटले.

"चिठ्ठी नव्हती हो मॅडम," रानडुक्कर म्हणाले.

योजनेला पुढे मोठे बक्षीस मिळाले. भागूबाई गेली त्या दिवशी तरसराव जेवायला घरी गेले नाहीत.

तात्पर्य : रोग्याला खोकल्यावरून ओळखणारा डॉक्टर गावात आढळला, तर त्याचा ताबडतोब जाहीर सत्कार करावा आणि त्याला उंच जागी बसवावे. खाली राहिला, तर तो एखाद्याला बरे करून बसेल, आणि मग परदेशी पाहुण्यांना दाखवायचे काय?