तातगारूंचं तारुण्य

नांदेडहून बदली होऊन हैदराबादला आल्यावर तातेरावांना सगळ्यात आवडली ती इथली अदब. नांदेडच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'तात्या' म्हणत. इथे दिलसुखनगरात मात्र कोपऱ्यावरची किराणा दुकानवाली यादम्मा पहिल्याच आठवड्यापासून 'तातगारू' म्हणू लागली. 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'साहेब', एवढं त्यांना ठाऊक होतं. काही घ्यायचं नसलं तरी ते माचिस आणायच्या निमित्ताने दुकानात जाऊन येत.

एका रविवारी ते पत्नी पार्वतीबाईंबरोबर दुकानासमोर उभे होते. यादम्मा म्हणाली, "अक्का, तातगारू कू धूप में काहेकू खड़ा करे? कुर्सी पो बिठाओ ना!"

तातेराव ऐटीत बसले. घरी येऊन त्यांनी हा सन्मान लेकीला तिखटमीठ लावून सांगितला. लेक रोशनी आयटीत नोकरीला, ऑफिसातल्या मैत्रिणींकडून तेलुगू शिकलेली. तिने ओठ चावून हसू दाबलं.

"बाबा, तात म्हणजे आजोबा."

"आणि अक्का?"

"ताई."

पार्वतीबाईंनी मेथी निवडता निवडता हिशेब केला. "म्हंजी ती मला तुमची लेक समजायली का नात?" आणि त्या जे हसत सुटल्या, ते मेथी तशीच राहिली.

तातेरावांना हे फार लागलं. बायको त्यांच्याहून तीनच वर्षांनी लहान, आणि तिच्या शेजारी आपण वडील दिसतो? त्यांनी आरसा गाठला. कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला जाळं, आणि वर्षानुवर्षं जयंतीच्या मिरवणुकीत एप्रिलच्या उन्हात नाचून कमावलेला रंग. यादम्माचं अगदीच चुकलं नव्हतं.

रोशनीने उपाय सांगितले. रोज सनस्क्रीन, झोपताना मॉइश्चरायझर, भरपूर पाणी, पुरेशी झोप, आणि साबणाने तोंड खसाखसा घासणं बंद. यात तातेरावांनी स्वतःची भर घातली: कपाळाला आठी पाडायची नाही. त्यामुळे साहेब झापत असताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न राहिला, की साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून झापलं. पाण्यामुळे ते खुर्चीत कमी आणि बाथरूमच्या वाटेवर जास्त दिसू लागले. गालांना सुरकुत्या पडू नयेत म्हणून उताणे झोपले, तर असे घोरले की पार्वतीबाई उशी घेऊन हॉलमध्ये गेल्या. (तिथे त्यांना छान झोप लागली. त्या आणखी टवटवीत दिसू लागल्या.)

सनस्क्रीन दोन बोटांवर मावेल एवढंच घ्यायचं होतं. तातेरावांनी विचार केला, इतक्या वर्षांचं ऊन दोन बोटांनी काय भरून निघणार? त्यांनी ओंजळभर थापलं आणि कोठी भागातल्या ऑफिसला निघाले. मे महिना. बस येईपर्यंत घाम सुटला आणि घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरलं. अशी आग झाली की डोळे उघडेनात. चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक, हात पुढे करून चाचपडत रस्त्यात उतरलेले, आणि समोरून धडाधड गाड्या. एका भल्या माणसाने दंड धरला आणि आरोळी ठोकली, "हल्लू, हल्लू! बुजुर्ग कू रस्ता देओ भई!"

अख्खा सिग्नल थांबला.

तातेराव तसेच घरी परतले आणि त्यांनी साबणाने तोंड खसाखसा धुतलं. मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. आता मात्र पार्वतीबाईंना खरंच वाईट वाटलं. ओल्या फडक्याने त्यांचे डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, तिनं तुमचं नावच बारकं केलं असंल. तातेरावाचं तात. उगी मनाला लावून घेता."

तातेराव ताडकन उठून बसले. हे इतकं सरळ होतं! तोंडाचा काही संबंधच नव्हता. सगळ्या ट्यूब रोशनीला परत गेल्या, कपाळावर आठ्या परत आल्या, आणि पार्वतीबाई हॉलमधून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी ते छाती काढून दुकानात गेले आणि तांदळाची मोठी थैली सांगितली.

"घर कू भेज देती," यादम्मा मार्कर उघडत म्हणाली. "थैली पो नाम लिखना है. आपका नाम क्या है, तातगारू?"

तातेरावांची काढलेली छाती आत गेली. "तातेराव."

यादम्माचा मार्कर हवेतच थांबला. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"अय्यो! छोटेपन से इच तात हैं क्या?"