तनयाची शुगर

"बजरंग, बस आज हलणार का?"

"म्याडम, पुढं ट्रक बंद पडलाय. बसा निवांत."

निवांत कसलं! हिंजवडीहून वारज्याला निघालेली कंपनीची बस चौकातच अडकली होती आणि तनयाच्या मांडीवर बर्फ घातलेल्या डब्यात तिचं इंजेक्शन होतं. पीसीओएसमुळे मूल होत नव्हतं, म्हणून उपचार चालू होते. बीजं तयार होण्याआधीच सुटू नयेत यासाठी हे इंजेक्शन शरीरातलं एक हॉर्मोन दाबून धरायचं. "वेळ चुकवलीत, तर सगळं पहिल्यापासून," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पहिल्यापासून सुरू करायची तनयाची मुळीच तयारी नव्हती. घरी नाही तर बसमध्ये, पण घ्यायचंच, असं तिने ठरवलं.

"शेफाली, जरा ओढणी आडवी धरतेस? इंजेक्शन घ्यायचंय."

"कसलं गं?" शेजारच्या शेफालीने विचारलं.

"शुगरचं," तनयाने ठोकून दिलं.

दुसऱ्याचा आजार म्हटला की आपल्याकडे कोणाला गप्प बसवत नाही. मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, सगळं सुचवून झालं. तेवढ्यात ट्रक हटला आणि रस्ता मोकळा झाला.

"बजरंग, हलवू नकोस! सुई आत आहे!" शेफाली किंचाळली.

बजरंगने ब्रेक दाबून धरला. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट उठला. ट्रॅफिक हवालदार तणतणत बसमध्ये चढला.

"बाईंना शुगर हाय, सायेब," बजरंग म्हणाला.

हवालदार एकदम नरमला. इंजेक्शन झालं, तनयाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिच्यासमोर पेढ्यांचा बॉक्स आला. मुलगी सीए झाली म्हणून अकाउंट्सचे रंगनाथकाका बसभर पेढे वाटत होते.

"घ्या. इन्शुलिननंतर खाल्लं नाही तर चक्कर येते."

"नको, काका."

"का? आमच्या पेढ्यात काय वाईट आहे?"

"खावा म्याडम," हवालदार म्हणाला. "त्याबिगर गाडी सोडत न्हाई."

काकांनी पेढा तिच्या हातात कोंबलाच. गोड सोडून तिला कित्येक महिने झाले होते. दिवाळीतही तिने करंजीकडे पाहिलं नव्हतं. तनया ताडकन उठली.

"मला शुगर नाहीये! मला मूल हवंय, त्याचं इंजेक्शन आहे हे! आणि त्याच्यासाठीच मी गोड सोडलंय!"

तनयाला रडू येत होतं, पण ती तशीच ताठ उभी राहिली. काकांनी तिच्या हातातला पेढा हळूच काढून घेतला.

"मग हा राहू द्या," ते म्हणाले. "पेढे तुम्ही आम्हाला द्यायचेत."

मग ते पुढे वळून ओरडले, "बजरंग, काढ गाडी. आणि खड्डे चुकवून!"