पुढच्या डाव्या बाजूचा आवाज

नई सडकेच्या वळणावर गाडीतून चौथ्यांदा ‘कट्ट’ असा आवाज आला आणि महिपतरावांनी डोळे मिटून निकाल दिला, “पुढची डावी बाजू लंगडतेय.”

स्टिअरिंगवर त्यांची सून होती, सीमंतिनी. शहरातल्या मुरार भागातल्या एका शाळेत ती फिजिक्स शिकवायची. परवाना मिळून दोन महिने झाले होते आणि येत्या सोमवारपासून गाडी एकटीनं शाळेत न्यायची, असं तिनं ठरवलं होतं. तोवर सरावाला शेजारच्या सीटवर सासरे बसत.

“मी चालवतो तेव्हा ही हूं की चूं करत नाही,” महिपतराव म्हणाले. “तू हात लावलास की कण्हते. सूनबाई, धुणं पिळावं तसं स्टिअरिंग पिळतेस तू.”

“आबासाहेब, आधी कारण तर सापडू दे.”

“सापडेल. पण दोष तुझ्या हाताचा निघाला, तर किल्ली माझ्याकडे. मंजूर?”

“मंजूर.”

महिपतरावांच्या कानांवर घरात कोणी शंका घेत नसे. त्यांचे पणजोबा पागेवर होते. नुसत्या टापा ऐकून कोणता घोडा कोणत्या पायानं अधू आहे ते सांगायचे म्हणे. तोच कान आपल्याकडे उतरलाय याचा महिपतरावांना केवढा अभिमान! त्यामुळे गॅरेजात मिस्त्रीनं गाडीला हात लावायच्या आत निदान झालेलं असे. आधी लिंक रॉड बदलला. आवाज कायम. मग बॉल जॉइंट. आवाज कायम, उलट आता जास्त खणखणीत. शेवटी मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवली, चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, एकटाच चक्कर मारून आला आणि म्हणाला, “बाबूजी, गाडी में कुछ नहीं है.”

“तुमको सुनाई नहीं देता, भैया. आता स्टिअरिंगचा रॅक खोलो.”

रॅक खोलायचा म्हणजे गाडी चार दिवस गॅरेजात. सोमवार गेलाच की! सीमंतिनीनं वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ती दरवर्षी मुलींना शिकवत असे. आबासाहेब चालवतात, आवाज नाही. मिस्त्री चालवतो, नाही. ती चालवते आणि शेजारी मिस्त्री, नाही. ती चालवते आणि शेजारी आबासाहेब, कट्ट.

“वजन!” वहीत डोकावत महिपतराव म्हणाले. “माझा भार पडला की सस्पेन्शन बोलतं. मिस्त्री म्हणजे नुसती काडी.”

मुद्दा बरोबर होता. सीमंतिनीनं कोठीतून ऐंशी किलो गहू काढवले.

“अगं, गहू कुठं चालवलेस? दळायचेत ते!” सासूबाई, मंदाताई, ओरडल्या.

“फिरवून आणते, आई. तुम्हीही चला, साक्षीला.”

पुढच्या सीटवर दोन पोती बेल्टनं बांधून गाडी ‘खासगी बाजार’ या पेठेतून निघाली. खड्डे झाले, स्पीडब्रेकर झाले, वळणं झाली. आवाज नाही.

“किती शांत बसलेत गहू,” मागून मंदाताई म्हणाल्या. “यांना नाही जमायचं.”

सीमंतिनीचा पेन्सिलीकडे गेलेला हात तिथंच थांबला.

शेवटची फेरी तिनं महिपतरावांना घेऊन केली. या वेळी तिनं कान दिला नाही, नजर दिली. समोर गाय आली. तिनं हळूच ब्रेक लावला, आणि शेजारी, जिथं कसलंही पेडल नव्हतं तिथं, महिपतरावांचे दोन्ही पाय ताडकन रुतले. कट्ट.

तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“आबासाहेब, जरा ब्रेक दाबा.”

“ब्रेक तुझ्याकडं आहे.”

“तुमच्याकडचा.”

महिपतराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाय दाबला. बंद, उभ्या गाडीत आवाज स्वच्छ ऐकू आला. उजवा गुडघा. स्वतः चालवताना तो कधी वाजलाच नव्हता, कारण स्वतः चालवताना ते ब्रेक लावतच नसत, हॉर्न वाजवत.

वहीत लिहायची निष्कर्षाची ओळ सीमंतिनीकडे तयार होती, पण तिनं वही उघडली नाही.

“म्हणजे गाडीत दोष नाही,” अखेर महिपतराव म्हणाले.

“नाही.”

“पंधरा वर्षं मी सांभाळलीये.” त्यांनी मिशीवर हात फिरवला. “आणि तुझ्या हातातही नाही. किल्ली तुझी. सोमवारी एकटी जा.”

गॅरेजसमोर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवायला लावली. “देखो भैया, तुमने दो पुर्जे बदले. आमच्या सूनबाईनं एका पेन्सिलीवर शोधून काढलं!”

“क्या निकला, बाबूजी?”

“आगे, बाईं तरफ. पुराना जोड़ था,” महिपतराव म्हणाले. “घर का मामला है.”

मग ते खाली उतरले, मागचं दार उघडून बसले. “आमच्याकडं मालक मागंच बसतात,” ते ऐटीत म्हणाले. “चल.”

वळण आलं, स्पीडब्रेकर आला, भर रस्त्यात एक टेम्पो आडवा झाला. गाडीत चिडीचूप. सीमंतिनीनं आरशात पाहिलं. महिपतराव सीटवर पक्की मांडी ठोकून, दोन्ही पाय हातांनी घट्ट धरून, मिरवणुकीत बसल्यासारखे दुतर्फा बघत होते.