नरम तार

हाताला लागेल ती वस्तू नाना चिमटीत धरून दाबायचे आणि विचारायचे, “नरम शे का?” वांगी, पाव, नवी गादी, कशाचीच सुटका नव्हती. एकदा आमच्या जावयाचा दंड दाबला. तेव्हापासून जावई भुसावळला येताना लांब बाह्यांचाच शर्ट घालतो.

नाना रेल्वेत फिटर, मूळचे नरडाण्याकडचे. क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी राहून बोलणं आमच्यासारखं झालं, पण ‘आहे’ला ‘शे’ म्हणणं काही सुटलं नाही. आणि हा प्रश्न त्यांना चिकटला तो बेस गिटारमुळे. गिटार धाकट्या भावाची, वसंताची. “टुंगटुंग करून पोट भरतं का?” असं नाना त्याला एकदा फाडकन बोलले. वसंता गिटार इथेच टाकून मुंबईला निघून गेला. तीन वर्षं ना यांचं पत्र, ना त्याचं. आणि इकडे पंचेचाळिशीत नाना तीच गिटार घेऊन आमच्या कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात येऊन बसले! “पडून राहिली तर खराब होईल,” एवढंच म्हणाले. मी हार्मोनियमवाला, मी काय बोलणार?

पण नट-बोल्टांवर पाने फिरवून फिरवून त्यांची बोटं ताठलेली. बेसच्या त्या जाड, ताणलेल्या तारा दाबताना तोंड असं व्हायचं, की लोकांना वाटे यांची दाढ दुखतेय. त्यांनी तारांना खोबरेल चोळलं. तारा सैल केल्या, तर म्हशीने सुस्कारा टाकावा तसा आवाज. मग जळगावच्या दुकानात जाऊन तार बारीक हवी, गुळगुळीत हवी, ताण कमी हवा, असं दुकानदाराला अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, “काका, असल्या मुंबईलाच मिळतात.”

शेवटी आमच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख चिडला. गणपतीपर्यंत बोटं चालली नाहीत तर दुसरा वाजवणारा आणू, म्हणाला. “खुशाल आणा. ही गिटार परक्या हातात देणार नाही,” असं सुनावून नाना घरी आले आणि वसंताला कार्ड लिहिलं. टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी वाचलं: ‘नरम तार पाठव. लवकर.’ बस्स! ज्या गिटारवरून त्याला बोलले, तिचं नाव लिहायची लाज वाटली असणार.

आठवड्याने पोस्टमन दारात ओरडला, “तार!” वहिनींनी वाचायच्या आधीच रडायला सुरुवात केली. नाना मटकन खाली बसले. कागद मीच फोडला.

‘भाऊ माझंच चुकलं. राग सोडा. गणपतीत येतो. वसंता.’

भाऊ गिटार वाजवतो हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्याला वाटलं, भावाला दोन नरम शब्द हवेत.

मला आधी हसूच फुटलं. “अहो नाना, तुम्ही गिटारची तार मागितली आणि याने...” म्हणत मी कागद त्यांच्यापुढे धरला.

नानांनी कागद चिमटीत धरला, नेहमीसारखा दाबला. “नरम शे,” म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“आणि गिटारच्या तारांचं काय? लिहू का त्याला, येताना आण म्हणून?”

“नको, नको! गिटारवाला स्वतःच येतोय ना. त्याला सांगू नका. मी हीच तार मागितली होती.”