मिस ओडेसाची शेंगांची बादली

रॉइस टॅकेटचा शकुन-अपशकुनावर काडीइतकाही विश्वास नव्हता. नसेल तर नसेल, माणसाने गप्प बसावं! पण हा पठ्ठ्या शुक्रवारी सकाळी गावच्या रेडिओवर गेला आणि तिथे छाती काढून बोलला. निवेदकाने सहज विचारलं होतं, की मोटार-शर्यतीच्या धंद्यातली माणसं गॅरेजमध्ये सालासकट शेंग येऊ देत नाहीत म्हणे, हिरव्या गाडीत बसत नाहीत म्हणे, तुमचं काय?

"गाडीला कान नसतात नि टायरला डोळे नसतात," रॉइस म्हणाला. "मी तीनच गोष्टी मानतो. टायर, पेट्रोल आणि हे दोन हात."

निवेदक खूश झाला, रॉइस त्याहून खूश झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कारण ऐकणाऱ्यांत त्याची सासूही होती.

सासूला सगळे आदराने मिस ओडेसा म्हणत; ती अमेरिकेतल्या दक्षिण जॉर्जियाची. तिकडे भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडतात, आणि मिस ओडेसाच्या हातच्या शेंगा खाण्यासाठी लोक चर्चमध्ये वेळेवर येत, असं तिचंच म्हणणं होतं. रॉइसची बायको लोरीन लग्न झाल्यापासून आईला बजावत आली होती, की काय वाटेल ते आण, पण शर्यतीला शेंगा आणू नकोस, त्या लोकांना त्यांचं वावडं आहे. मिस ओडेसाने ते मनाला लावून घेतलं होतं. आता जावई स्वतःच रेडिओवर सांगत होता की तसं काही नाही. म्हातारीने त्याच दुपारी सर्वांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

रविवारी क्लोव्हर गॅपच्या ट्रॅकवर काय पणाला लागलं होतं, ते सरळ होतं. रॉइस ज्या गाडीचा मुख्य मेकॅनिक होता, ती कोल्बी प्रुइट नावाचा तरणाताठा पोरगा चालवायचा. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या, चालू होते. आजच्या शर्यतीनंतर बारा ड्रायव्हरांतले चार गळणार आणि आठ पुढे जाणार. कोल्बी बरोब्बर आठवा होता. नववा ब्रॅन्सन टील, दोनच गुणांनी मागे. कोल्बी गळाला तर मालक हिवाळ्यात गॅरेजला कुलूप लावणार होता, तसं त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. उरलं गुणांचं गणित. दर जागेला गुण वेगळे, अधल्यामधल्या टप्प्यांचे वेगळे, बरोबरी झाली तर आणखी काहीतरी वेगळं. रॉइसला ते सगळं तोंडपाठ होतं, फक्त दर वेळी उत्तर निराळं यायचं.

शर्यतीच्या आधी तो गाडीखालून बाहेर आला, तर समोर बायको, सासू आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं फडकं बांधलेली एक बादली.

"सगळ्यांना पुरतील," मिस ओडेसा म्हणाली. "पण पहिली ओंजळ कोल्बीला."

तिने फडकं सोडलं. वाफ आली, वास आला, आणि गॅरेजमधली माणसं एक पाऊल मागे सरकली. चाकं बदलणारा धिप्पाड मूस तर टायरांच्या मागेच जाऊन उभा राहिला. त्याच्या काकाच्या सीटखाली एकदा टरफल सापडलं होतं आणि काका भिंतीवर आपटला होता, ही गोष्ट तो दर जेवणाला सांगायचा.

रॉइसने घाईघाईने फडकं परत बांधलं. म्हणजे त्याचा विश्वास नव्हताच! पण कोल्बीचा होता. कोल्बी डावा बूट आधी घालायचा आणि पन्नास डॉलरची नोट बघितली तर तोंड फिरवायचा. त्याला शेंग दिसली असती तर त्याचे हात थरथरले असते, हात थरथरले की गाडी भिंतीवर. तेव्हा विश्वास नसलेल्या माणसानेही शेंगांना भ्यायला हवं, असा हिशेब रॉइसने मनात मांडला, आणि तो त्याला फारच शास्त्रशुद्ध वाटला.

"मी स्वतःच्या हाताने देतो त्याला, मॅम," तो म्हणाला आणि बादली उचलून बाहेर पडला.

पण ठेवायची कुठे? कचऱ्याच्या पिंपात टाकावी तर आपल्याच गॅरेजचं पिंप. प्रेक्षकांना वाटावी तर सासू त्याच प्रेक्षकांत जाऊन बसायची. असा फिरत फिरत तो टीलच्या जागेपाशी आला, म्हणजे शर्यतीत टीलची गाडी चाकं बदलायला, पेट्रोल भरायला थांबायची तिथे. तिथे कोणी नव्हतं. टायरांची एक उतरंड होती आणि तिच्यामागे बादलीएवढीच जागा होती. रॉइस देवभीरू माणूस. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बादली ठेवली आणि शीळ घालत परत आला. सासूला सांगितलं, कोल्बीला फार आवडल्या. तिचा चेहरा असा काही उजळला, की रॉइसला क्षणभर स्वतःची लाज वाटली.

शर्यत सुरू झाली आणि रॉइसच्या डोक्याचा गोंधळही सुरू झाला. अपशकुन टीलच्या घरी सोडून आल्यावर टील मागे पडायला हवा होता. पण टील सुसाट सुटला! कोल्बी मात्र पंधराव्यावर रखडला, गाडी वळणात घसरतेय म्हणून कानातल्या रेडिओवर कुरकुरायला लागला. रॉइसने आपल्या उंच मचाणावरून दुर्बीण लावली. टीलची चाकं बदलणारी पोरं पूर्वीची फुटबॉलची, या धंद्यात नवी. ती आपल्या जागेपुढच्या बुटक्या भिंतीवर पाय सोडून बसली होती आणि बादलीतून मूठमूठ शेंगा काढून आरामात खात होती.

आता हे कोणत्या नियमात बसवायचं? ज्याला अपशकुन ठाऊकच नाही, त्याला तो लागतो की नाही? की न लागता ज्याने ठेवला त्याच्याकडे परत येतो? रॉइसने हा प्रश्न मूसला विचारला. मूस म्हणाला, अशा दिवशी असले प्रश्न विचारणंच अशुभ आहे.

तेवढ्यात ट्रॅकवरच्या मोठ्या पडद्यावर टीलची पोरं झळकली. कॅमेरा बादलीवर आला आणि चौकड्यांचं फडकं घराएवढं दिसलं. ट्रॅकवरचा निवेदक हसला. सगळं मैदान हसलं. एक बाई हसली नाही.

मिस ओडेसा लोरीनला मागे टाकून थेट मचाणाखाली येऊन उभी राहिली. गळ्यात कोल्बीच्या संघाचा पास होता, त्यामुळे तिला कोणी अडवलं नाही.

"माझी बादली त्यांच्याकडे कशी?" तिने विचारलं.

खरं बोलायला तोंड उघडलं होतं रॉइसने. पण बाहेर आलं ते असं, "उचलून नेली असेल, मॅम. आजकालची पोरं."

"चोरली?"

"तसंच काहीसं."

मिस ओडेसाने पर्स काखेला मारली आणि टीलच्या जागेकडे चालू लागली. रॉइसला ओरडता येईना, कारण कोल्बी कानात बोलत होता. पेट्रोल संपत आलंय, टायर गेलेत, आत कधी येऊ? टील नुकताच आत येऊन, चाकं बदलून, पेट्रोल भरून बाहेर पडला होता. रॉइस म्हणाला, याच फेरीत ये. मूस आणि बाकीची पोरं भिंतीवर चढून तयार झाली. आणि कोल्बी समोरच्या सरळ पट्ट्यावर आला, त्याच वेळी मिस ओडेसा विजयी मुद्रेने परतली आणि तिने आपली बादली कोल्बीच्या जागेच्या भिंतीवर, मधोमध ठेवली.

कोल्बीची गाडी आत न वळता भुर्रकन पुढे निघून गेली.

"बॉस," कानात अगदी बारीक आवाज आला, "भिंतीवर काय आहे?"

"काही नाही. आत ये."

"त्या शेंगा आहेत. सालासकट आहेत."

"पोरा, पेट्रोल संपेल."

"संपू दे. त्या तिथे आहेत तोवर मी येणार नाही."

रॉइसने मूसला बादली हलवायला सांगितलं. मूसने हात पाठीमागे बांधले. बाकीच्यांनीही बांधले. शेवटी रॉइस स्वतः मचाणावरून उतरला आणि त्याने बादलीचा कान धरला. दुसऱ्या कानावर मिस ओडेसाचा हात होता. एकदा चोरीला गेलेली वस्तू पुन्हा सोडायची नाही, अशा घराण्यातली ती बाई. तो म्हणाला द्या, ती म्हणाली का. तो ओढू लागला, ती ओढू लागली. कोल्बी दुसऱ्यांदा समोरून निघून गेला. आणि बादली भिंतीपलीकडे, गाड्या आत यायच्या रस्त्यावर उपडी झाली!

ओल्याचिंब शेंगा चहूकडे घरंगळत गेल्या. खाली टीलच्या पोरांनी खाऊन परत बादलीतच टाकलेली टरफलं होती, तीही पसरली. वर पिवळा झेंडा लागला आणि सगळ्या गाड्या एकामागोमाग रांगेत सावकाश चालू लागल्या.

आता या खेळाची एक गंमत आहे. पिवळ्या झेंड्याच्या आधी जो आत थांबून गेला, तो एक फेरी मागे अडकतो. जो थांबलेलाच नाही, तो सावकाश आत येऊन काम उरकतो आणि त्याचं काहीच जात नाही. टील थांबून गेला होता. कोल्बी शेंगांना भिऊन थांबला नव्हता. निवेदक त्याच्या शहाणपणाचं कौतुक करत होता, आणि पडद्यावर कोल्बी सातवा दिसत होता. मग नववा दिसला. मग पडदाच गोंधळून काळा झाला.

पण आत यायचा रस्ता बंद! मिस्टर पर्विस नावाचे उंच, वाळकेसे अधिकारी हातात झेंडी घेऊन शेंगांच्या मधोमध उभे होते. रस्ता साफ झाल्याशिवाय एकही गाडी आत येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि मग विचारलं, की शेंगा कोणाच्या?

"माझ्या," मिस ओडेसा ताठ मानेने म्हणाली.

पर्विसनी तिच्या गळ्यातला पास पाहिला. मग रॉइसकडे पाहिलं.

"साहेब, मी त्यातली एकही खाल्लेली नाही," रॉइस काकुळतीला येऊन म्हणाला.

"खाल्ल्या कोणी ते मी विचारलंच नाही. टरफलं तुम्ही उचलणार."

प्लेऑफमधल्या गाडीचा मुख्य मेकॅनिक भर शर्यतीत, हजारो लोकांसमोर गुडघ्यांवर बसून टरफलं वेचू लागला. कोल्बी कानात सांगत होता की काटा शून्याखाली गेलाय. मूस आणि मंडळी भिंतीवरून हळहळत होती, पण रस्त्यावर पाऊल टाकायला तयार नव्हती. टीलची पोरं दात काढत होती. रॉइसला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं. त्या गॅरेजचं कुलूप त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ते लावायला कारण काय, तर शेंगा!

मिस ओडेसाने जावयाकडे पाहिलं. मग ती वळली आणि टीलच्या पोरांसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खाताना हात पुढे होते ना? मग आता ते कुठे गेले? तुमच्या आयांची नावं सांगा मला."

कुणाच्याही आईचं नाव विचारलं की दक्षिणेतला माणूस मुकाट उभा राहतो. सहा दांडगी पोरं येस मॅम, येस मॅम करत झाडू घेऊन धावली. शत्रूच्या गाडीसाठी त्यांनी रस्ता असा लख्ख झाडला, की पर्विसनाही बोट ठेवायला जागा उरली नाही. झेंडी वर गेली. कोल्बीची गाडी खोकत, आचके देत आत आली, तिला पेट्रोल मिळालं, चाकं मिळाली आणि ती निघून गेली.

पुढचं कोणालाच नीट कळलं नाही. कोल्बी पुढे गेला, मागे आला, टीलला फेरी परत मिळाली, मग दोघं एकमेकांना घासत शेवटची रेघ ओलांडून गेले. रॉइसने बोटांवर गणित केलं आणि उत्तर आलं की आपण एका गुणाने गेलो. त्याने टोपी काढली आणि बारा वर्षांच्या नोकरीचा निरोप घ्यावा तसा मचाणाच्या खांबाला हात लावला. तेवढ्यात मूसने त्याला मागून उचललं. त्याला वाटलं, मूस सांत्वन करतोय. लोरीनने कानाशी येऊन ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे कळलं. गुण बरोबरीत सुटले होते आणि आधीच्या शर्यतीतल्या तिसऱ्या नंबरामुळे कोल्बी आठवा राहिला होता. ते नेमकं कसं, हे रॉइसने तिला तीनदा विचारलं.

कोल्बी गाडीतून उतरला तो थेट त्याच्या गळ्यात पडला. म्हणाला, शेंगांपासून लांब राहिलो म्हणून वाचलो, आता हंगाम संपेपर्यंत शेंगेचा वाससुद्धा आला तर गाडीत बसणार नाही. रॉइसने शप्पथ घेतली.

गर्दी पांगली, तेव्हा मिस ओडेसा रिकामी बादली घेऊन एकटीच भिंतीवर बसली होती. तिचा आवाज पहिल्यांदाच उतरलेला होता.

"खरं सांग, रॉइस. तुम्हाला त्या नकोच होत्या ना? लोरीन इतकी वर्षं सांगत होती, मीच वेडी."

रॉइसला ते बघवेना. आज गॅरेज वाचलं ते या बाईमुळे. "असं कसं म्हणता, मॅम?" तो म्हणाला.

"मग ही घे. एकच उरलीय तळाशी."

रॉइसने शेंग हातात घेतली. दहा पावलांवर कोल्बी लोकांना सह्या देत होता. सोलावी तर टरफल आपल्याच जागेत पडणार. खिशात ठेवावी तर खिसा आपलाच. अपशकुनावर काडीचा विश्वास नसलेल्या त्या माणसाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि अख्खी शेंग सालासकट तोंडात टाकून चावायला सुरुवात केली.

मिस ओडेसा बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"लोरीन," ती म्हणाली, "अगं, टरफलासकट खातो हा! इतक्या आवडतात आणि कधी बोलला नाही बिचारा." तिने बादलीला फडकं बांधलं. "पुढच्या रविवारी दोन बादल्या आणते."

रॉइसचं तोंड भरलेलं होतं. त्याने मान हलवली, पण ती नेमकी हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.