रथशाळेत रबरी मॅटा अंथरिल्या त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, शारदेची आज्ञा मागोन, जे जाहले ते वाढविले नाही, झाकिले नाही, ऐसे लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास. दक्षिणदेशी एक राज्य होते, नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. पूर्वेस शेजाऱ्यांचे कुंपण, पश्चिमेस पाण्याची टाकी, मध्ये चार खोल्यांची राजधानी आणि तिला लागोन मोटारीची रथशाळा, इतकाच मुलूख. श्रीमंत भालचंद्रराव गादीवर होते आणि त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाईसाहेब खरा कारभार पाहात. ते समयी बाईसाहेब लोणच्याची बरणी आणावयास रथशाळेत गेल्या, तो जमिनीवर मोटारीचे तेल गळले होते, त्यावरोन पाय निसटला आणि खुबा मोडला. मग डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि आता चालते व्हा ऐसे फर्माविले. बाईसाहेब वॉकर धरोन घरात फिरो लागल्या. परंतु पुढील दरवाजास सात पायऱ्या, त्या उतरवेनात; सपाट वाट एकच, स्वयंपाकघरातून रथशाळेत आणि तेथोन बाहेर. त्या जमिनीस पाय लावावयाची छाती होईना. दर शनिवारी मैत्रीण शालिनीबाई यांचे घरी रमीचा डाव पडे, तो तीस वर्षे चुकला नव्हता, तो चुकला. आपण या घरातून आपल्या पायांनी पुन्हा बाहेर पडत नाही, ऐसे भय बाईसाहेबांचे मनी बसले, परंतु कोणापाशी बोलल्या नाहीत.

श्रीमंतांनी ते ओळखिले आणि फाल्गुनात रथशाळेवर मोहीम काढिली. आत मोडका मिक्सर होता, रंगाचे वाळलेले डबे होते, आणि टीव्ही जाऊन नऊ वर्षे जाहली तरी त्याचे खोके थर्माकोलासुद्धा होते. ही सर्व मंडळी ‘कधीतरी लागेल’ या अभयवचनावर नांदत होती. श्रीमंतांनी मन घट्ट करोन सर्वांस हद्दपार केले, आणि मग सोड्याने जमीन घासली, भेगा सिमेंटाने बुजविल्या, आणि त्यावर काळ्या रबराच्या मॅटा अंथरिल्या. मॅटांस उठावाचे ठिपके, कडेस दाते, एकीचे दाते दुसरीत बसत. पाय घसरावयाची सोय उरली नाही. श्रीमंत दाराशी उभे राहोन एक घटका पाहात राहिले, फार संतोष पावले, आणि तेथेच घात जाहला. मॅटा मळतील म्हणोन मोटार आत आणिली नाही, ती शेवग्याखाली उभी केली. मग धूळ बसेल म्हणोन मॅटांवर जुन्या चादरी घातल्या, आणि चादरी खराब होतील म्हणोन त्यांवर प्लास्टिक घातले. बाईसाहेब वॉकर घेवोन उंबऱ्यापर्यंत आल्या, गुळगुळीत प्लास्टिक पाहिले आणि थबकल्या.

“अहो, ह्या मॅटा आणल्यात तरी कोणासाठी?”

“तुझ्यासाठीच की गं.”

“मग मी चालू कशावर? ह्या कागदावर?”

“दोन दिवस राहू दे. नव्या आहेत.”

ते दोन दिवस चैत्र सरला तरी सरले नाहीत. बाईसाहेबांस राग आला, आणि रागापेक्षा रडू अधिक आले.

मग वैशाखात एके शनिवारी सकाळी श्रीमंत स्नानास गेले होते. बाईसाहेब भाकरीचे पीठ काढीत होत्या, तो वॉकरचा धक्का लागोन डबा कलंडला आणि ज्वारीचे पीठ सर्व जमिनीवर पसरले, त्यात त्यांची पावले भरली. वाकोन पुसणे शक्य नाही. बाईसाहेब क्षणभर उभ्या राहिल्या, मग उंबऱ्याशी गेल्या, कोपऱ्यातील काठीने प्लास्टिक ओढोन बाजूस केले, चादरी लोटिल्या, काठी टाकिली, वॉकर तेथेच सोडिला आणि पाऊल टाकिले. रबराने पाय धरिला. दुसरे टाकिले. पलीकडच्या स्टुलावर जावोन बसल्या, ऊर धपापत होता, आणि हाक मारिली, “अहो, गाडी काढा! शालिनी वाट बघतीये.”

श्रीमंत पंचा गुंडाळोन धावत आले. काळ्याभोर मॅटांवर पांढरी पावले पाहोन कपाळास हात लाविला. “अगं, काय केलंस हे!” ऐसे म्हणोन फडके घेवोन खाली बसले, आणि पुसावयास हात घातला, तो थांबले. पावले अकरा होती. आजूबाजूस वॉकरची खूण एकही नव्हती. श्रीमंतांनी उंबऱ्याशी उभा वॉकर पाहिला, मग स्टुलावरील बाईसाहेब पाहिल्या, आणि डोळे भरोन आले. फडके खांद्यावर टाकोन उठले आणि गाडीची किल्ली आणावयास गेले.

त्या दिवशी बाईसाहेब रमीत तीन डाव जिंकल्या. दिवस मावळता घरी आल्या, तो श्रीमंतांनी अर्ध्या मॅटा चालावयास मोकळ्या सोडिल्या होत्या, आणि उरल्या अर्ध्यांत त्या अकरा पावलांवर तेच प्लास्टिक नीट ताणोन बसविले होते, चारी कोपऱ्यांस विटा ठेविल्या होत्या.

ऐसी रथशाळेची मोहीम जाहली. बाईसाहेब दर शनिवारी चालत बाहेर पडतात. मोटार अद्याप शेवग्याखालीच आहे; आत आणिली तर पावले पुसली जातील, ऐसा सरकारचा हुकूम आहे.